एकोणीसशे फुटांवरचं घर

माझी बदली हवाई दलाच्या ईशान्येकडच्या तळावर झाली तेव्हा मी कॉर्पोरल होतो. ट्रेड इन्स्ट्रुमेंट फिटर, म्हणजे विमानातली काट्यांची यंत्रं बघणारा. पहिल्याच दिवशी वर्कशॉपमध्ये मुनीर भेटला, माझ्याच ट्रेडचा. तो औरंगाबादशेजारच्या पडेगावचा, मी पलीकडच्या चिकलठाण्याचा. अठ्ठेचाळीसला निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा आम्ही दोघंही पाळण्यात. फौजेत आपल्या मुलखातल्या माणसाला ‘ग्राईं’ म्हणतात. त्यानं मला नावानं कधी हाक मारलीच नाय.

लोक विचारतात, विमानाला उंची कळते कशी? त्यात जादू काही नाय. ऑल्टिमीटर हवेचा दाब मोजतो. वर जावं तशी हवा विरळ होते, आतली पत्र्याची डबी फुगते, काटा सरकतो. बाहेरची हवा त्याच्यापर्यंत येते ती विमानाच्या दोन्ही कुशींवरच्या बारीक भोकांतून. त्यांना स्टॅटिक व्हेंट म्हणतात. वेग दाखवणारं यंत्रही त्याच हवेवर चालतं. भोकं बुजली की यंत्र बंद पडत नाय, खोटं बोलायला लागतं, आणि लई ठामपणे बोलतं.

मुनीरची एक खोड होती. जेवणाची सुट्टी झाली की तो टेस्ट पंपानं हवा ओढून बेंचवरच्या ऑल्टिमीटरचा काटा एकोणीसशे फुटांवर आणायचा आणि काचेवर टिचकी मारायचा. आपलं औरंगाबाद समुद्रापासून साधारण तेवढंच उंच. म्हणायचा, “चल ग्राईं, घर आलं.” मग आम्ही ज्वारीच्या भाकरीच्या गोष्टी करत मेसचा भात खायचो. दीड वर्ष घर बघितलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी विमान धुवायला घेतलं. पाणी आत जाऊ नये म्हणून व्हेंटवर टेप लावतात. टेप लाल हवी, म्हणजे डोळ्यात भरते. स्टोअरमध्ये लाल संपली होती. मी चंदेरी लावली, विमानाच्याच रंगाची. नियम असा, की ज्यानं लावली त्यानंच काढायची. सव्वादहाला ऑर्डरली रूममधून, म्हणजे कचेरीतून, निरोप आला: रजा मंजूर, पास घेऊन जा. मी विमानाचं काम पुरं झाल्याच्या फॉर्मवर सही ठोकली आणि पळालो.

दुपारी दोनला त्याच विमानाची एअर टेस्ट होती, म्हणजे उडवून तपासणी. सोबत एक फिटर जातो. पाळी माझी होती.

मुनीर म्हणाला, “तू ट्रंक भर. मी जातो.”

“पाळी माझी हाय.”

“आन् रेल्वे काय तुझ्यासाठी थांबणार हाय? जा. अम्मीला सांग, मी बरा हाय.”

ट्रंक भरताना खिशात चंदेरी टेपचं रीळ हाताला लागलं. व्हेंटवरची टेप मी काढलीच नव्हती. मी टॉवरकडे धावलो. विमान तोवर ढगात शिरलं होतं. चारी बाजूंनी डोंगर.

रेडिओवर कॅप्टन बोलत होते. “टॉवर, ऑल्टिमीटर जागचा हलत नाही. वेग कमी दाखवतोय.”

मी कंट्रोलरला म्हणालो, “सर, स्टॅटिक बंद आहे. टेप माझीच राहिलीय.”

त्यांनी ते रेडिओवरून विमानात कळवलं. बराच वेळ नुसती खरखर. मग, “फिटर काच फोडतोय.”

मला कळलं, मुनीर काय करतोय. चढ-उतार दाखवणाऱ्या यंत्राची काच फोडली की केबिनमधली हवा त्याच नळीत शिरते आणि बाकीचे काटे पुन्हा चालू लागतात. थोडे उशिरा, थोडे चुकीचे, पण चालतात.

“काटा हलला. आम्ही खाली येतोय.”

दोन बेचाळीसला ते ढगातून बाहेर आले. वेगाचा भरवसा नव्हता, म्हणून कॅप्टननी तो जास्तच ठेवला होता. विमान धावपट्टी संपवून पलीकडच्या नाल्यात गेलं. दोन्ही पायलट पट्ट्यांनी बांधलेले होते, वाचले. मुनीर गेला. तो त्यांच्या सीटांच्या मध्ये उभा होता, ऑल्टिमीटरच्या काचेवर टिचक्या मारत. हे मला कॅप्टननीच सांगितलं.

चौकशीत मी सगळं लिहून दिलं. कॉर्पोरलच्या हुद्द्याची स्ट्राइप गेली. ती शिक्षा कमीच होती.

रजेवर पडेगावला गेलो. मुनीरच्या अम्मीला टेपचं सांगितलं, रजेचंही सांगितलं. मग तिनं मुनीरच्या पत्रांची पिशवी काढली. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ: ‘अम्मी, आज भी उन्नीस सौ पे आके बैठा.’

“ये उन्नीस सौ क्या है, बेटा?”

मोडीत काढलेला एक ऑल्टिमीटर साहेबांनी मला नेऊ दिला होता. मी तो ट्रंकेतून काढून तिच्यापुढं ठेवला. काटा एकोणीसशेच्या जरा वर उभा होता. इथं पंप लागत नाय. मी तिला सगळं समजावलं.

“मतलब घर पे है,” ती म्हणाली.

तो तिनं ठेवून घेतला. पावसाळी हवेत दाब उतरला की काटा आपोआप वर चढतो. मग तिचा निरोप यायचा, “मुनीर ऊपर जा रा, आके देख.” रजेत आणि फौज सुटल्यावरही, ती होती तोवर, मी चिकलठाण्याहून सायकलनं जायचो आणि बटण फिरवून त्याला खाली आणायचो. टिचकी मात्र तीच मारायची.