निरोपाची शाल

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी दामलेकाका रोज सकाळी इडल्या विकतात. आयुष्यभर सरकारी कचेरीत साहेब होते. इडल्यांच्या डब्याभोवती ते जरीकाठी शाल गुंडाळून ठेवतात. परवा मी न राहवून विचारलं, "एवढी चांगली शाल?"

"निरोपसमारंभाची आहे. इडल्या गरम राहतात."

मग डब्याकडेच बघत म्हणाले, "सगळे म्हणाले होते, साहेब, येत राहा. म्हणून एकदा गेलो. माझ्या खुर्चीवर मीच हाताखाली तयार केलेला माणूस बसला होता. त्यानं मान वर करून विचारलं, 'बोला काका, काय काम होतं?'"

साहेबाचा काका व्हायला एवढासा वेळ पुरतो.

निवृत्तीनंतर माणसं धंदा का काढतात, याची उत्तरं आपण ठरवूनच टाकली आहेत. पेन्शन पुरत नसेल, वेळ जात नसेल, घरी सुनेशी पटत नसेल. काही नाही हो! गोड गोड भाषणं करून ज्याच्या हातात नारळ दिला, त्याला एवढंच हवं असतं, की आपल्यावाचून कुणाचं तरी अडावं.

तेवढ्यात एक रिक्षावाला तणतणत आला. "काल कुठं होतात? उपाशी गेलो ना मी!"

काका ओशाळले, पण चेहरा उजळला. त्याला एक इडली जास्तीची वाढली. मग शाल पुन्हा डब्याभोवती आवळताना, मी बघतोय हे लक्षात आलं तसा, त्यांनी जरीचा काठ आत दुमडून टाकला.