साहेबांचे स्वल्पविराम

किस्से काही जमवावे लागत नाहीत. एकाच वकिलाकडे, एकाच खुर्चीत अठरा वर्षं टायपिंग करा, आपोआप साचतात. मी सांगायला लागले की लोक हसतात. माझी मात्र अजून बोटं दुखतात.

आमचे वकीलसाहेब जुन्नरचे, ऑफिस कोर्टासमोरच. नव्वदच्या सुमारास मी कामाला लागले. नवरा वारलेला, दोन मुली, आणि हातात फक्त मराठी-इंग्रजी टायपिंगची सर्टिफिकेटं. ही खुर्ची गेली तर चूल बंद, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून साहेबांच्या सगळ्या तऱ्हा सोसल्या.

तऱ्हा म्हणजे काय, तर साहेब डोळे मिटून मजकूर सांगायचे आणि विरामचिन्हंही तोंडानंच सांगायचे. मराठी अर्जात ‘स्वल्पविराम’, इंग्रजी नोटिशीत ‘कॉमा’, आणि नारायणगावच्या टोमॅटोवाल्याचं दिल्लीला हिंदी पत्र असलं की ‘अल्पविराम’ नि पूर्णविरामाला ‘खडी पाई’! टाइप झालं की मी पक्षकाराला वाचून दाखवायचं, तेही चिन्हांसकट. कारण साहेबांना तपासायचंसुद्धा डोळे मिटूनच असायचं.

एकदा वैतागून म्हटलं, “साहेब, डोळे उघडून बघा की एकदा!”

“बाई, डोळे उघडले की पक्षकार दिसतो,” साहेब म्हणाले.

*

आळ्याचे एक शेतकरी होते. शेजाऱ्यानं बांध कोरला म्हणून नोटीस द्यायची होती. मी वाचून दाखवत असताना मध्ये एक उद्गारचिन्ह आलं. त्यांनी विचारलं, “ह्ये काय असतंय?”

म्हटलं, “भाऊ, जोरात बोलल्याची खूण.”

“मग टाका की परत्येक वळीला तीन-तीन!”

आता आमच्या मशीनवर उद्गारचिन्हाची कळच नव्हती. आधी वरची बारीक रेघ मारायची, एक घर मागं यायचं, मग खाली टिंब द्यायचं. एकाला तीन ठोके! मी म्हटलं, “अहो, एवढी कशाला? शब्द कडक आहेत की.”

“बाई, त्यो गडी वाचतोय कुठं? लांबनं बघून तरी भ्यायला पायजे!”

टाकली. संध्याकाळी घरी जाऊन कणीक मळायलाही बोटं वळेनात.

*

साहेबांना ही सवय इतकी जडली की ऑफिसबाहेरही सुटेना. घरी वहिनींना म्हणायचे, “चहा ठेव, स्वल्पविराम, साखर कमी.” वहिनी बिचाऱ्या माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायच्या. जसं काही मीच शिकवलं होतं!

आमच्याकडे दशक्रियेला घाटावर पुढाऱ्यांची, वकिलांची श्रद्धांजलीची भाषणं होतात. कुकडीच्या काठावर अशाच एका दहाव्याला साहेब उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. मी बायकांत बसले होते, मी पदरात तोंड लपवलं.

“मृतात्म्यास चिरशांती लाभो, पूर्णविराम. नवा परिच्छेद.” आणि नव्या परिच्छेदात साहेब साखर कारखान्याच्या निवडणुकीवर घसरले ते थांबेचनात.

शेवटी मागनं एक म्हातारा ओरडला, “वकीलसायेब, आवरा राव! तुमाला बघून कावळा शिवंना झालाय!”

*

आहुप्याच्या भिमाबाईंचा दावा घोडेगावच्या कोर्टात होता. हिरड्याची चार झाडं त्यांची की दिराची, एवढाच वाद. मी त्यांना प्रतिज्ञापत्र दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, अंगठा दिला.

साक्षीला उभ्या राहिल्यावर त्यांना नाव विचारलं. खणखणीत आवाजात म्हणाल्या, “भिमाबाई, स्वल्पविराम, राहणार आहुपे, स्वल्पविराम, धंदा शेती, पूर्णविराम.”

समोरचे वकील ताडकन उठले. “पढवलेली साक्षीदार आहे ही!”

आमचे साहेब पांढरेफटक पडले. भिमाबाई मात्र तसूभर हलल्या नाहीत. “पढिवलं कुनी? बाईनं येकदा वाचलं, दोनदा वाचलं. खरं व्हतं म्हनून तर ध्यानात ऱ्हायलं!”

झाडं त्यांना मिळाली. पण साहेब माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. चिन्हं वाचायला लावणारे हे, आणि राग माझ्यावर!

*

मग कॉम्प्युटरचे दिवस आले. पुण्याहून साहेबांचा इंजिनिअर भाचा एक मशीन घेऊन आला. कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक, आपण बोलायचं आणि ते टाइप करणार! साहेबांचा आवाज ओळखीचा व्हावा म्हणून त्याला महिनाभर इंग्रजी उतारे वाचून दाखवायचे होते. साहेब खोकले की तेही टाइप व्हायचं. लाइट गेली की सगळं परत पहिल्यापासून.

तरी साहेब खूश. “बाई, याला कॉमा कसा पहिल्या फटक्यात कळतो बघा!”

“साहेब, मराठी कळतं का?”

“शिकेल हळूहळू,” भाचा म्हणाला. त्याला काय जातंय बोलायला!

महिना भरायच्या आतच साहेबांनी डोळे मिटूनच सांगितलं, “बाई, एक तारखेपासून तुम्ही आता विश्रांती घ्या.” घरी जाऊन मी खूप रडले. धाकटीचं कॉलेज अजून व्हायचं होतं.

*

शेवटच्या दिवशी मी टाइपरायटरवर झाकण घालून, ड्रॉवर आवरून पिशवी भरत होते. तेवढ्यात धोंडिबा नावाचे म्हातारे मेंढपाळ आले. आळेफाट्याजवळ ट्रकनं त्यांची अकरा मेंढरं चिरडली होती. सांगता सांगता त्यांना हुंदका येत होता. दोन वेळा त्यांनी सगळं सांगितलं. मी ऐकत होते. दुसरं करणार काय?

साहेबांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि मजकूर सांगितला. मराठीत! फक्त खुणा इंग्रजी, “कॉमा, फुलस्टॉप.” प्रिंटर करकरला. कागद म्हाताऱ्यापुढे आला, अंगठ्यासाठी शाईचं पॅडही आलं.

म्हाताऱ्यानं हात मागं घेतला. “आदी वाचून दावा. वाचल्याबिगर मी अंगठा देत न्हाई.”

साहेबांनी डोळे उघडले, कागद बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. इंग्रजी अक्षरांत आर्मी, मंडे, हॉर्न असलं काहीबाही. एक शब्द धड नव्हता. पण कॉमा आणि फुलस्टॉप मात्र एकूण एक जागच्या जागी!

पिशवी हातात तशीच धरून मी वाचायला लागले. “मी धोंडिबा, स्वल्पविराम, धंदा मेंढपाळ, स्वल्पविराम, सकाळी मेंढरं घेऊन आळेफाट्याकडे येत असता मागून ट्रक आला, पूर्णविराम. ट्रकवाल्यानं ब्रेक लावला नाही, पूर्णविराम. माझी अकरा मेंढरं माझ्या डोळ्यांदेखत गेली, पूर्णविराम.” शेवटापर्यंत वाचलं, कुठं अडखळले नाही.

म्हाताऱ्यानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. “बराबर हाय. अक्षी माज्या तोंडचं हाय.” आणि अंगठा शाईच्या पॅडवर दाबला.

साहेबांनी झटकन त्यांचं मनगट धरलं.

“बाई,” साहेब म्हणाले, “पिशवी खाली ठेवा. कागद लावा.”