मास्तरांचा वांगी रंग

जिंतूरच्या फोटोमास्तरांइतका खडूस माणूस मी दुसरा पाहिला नाही. साडीचा फोटो काढताना ते शेजारी चहाची पांढरी बशी ठेवत आणि कॉम्प्युटरवर आधी बशी पांढरी दिसते का ते बघत. जरा पिवळट दिसली की साडीकडे न बघताच माझ्यावर ओरडत, "बशीच चुकली, मग साडी कशी बरोबर येईल?" तीन वर्षं मी त्यांच्याकडे कामाला होते. "चांगलं झालं" असं एकदाही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

आम्ही कापडदुकानांसाठी फोटो करायचो. ते मोबाइलवर बघून पार पालमपर्यंतच्या बायका साड्या मागवायच्या. एका उन्हाळ्यात मी दुकानापुढच्या हिरव्या जाळीच्या सावलीत फोटो काढले. तिथं बसून काही जाणवत नाही, पण सगळ्या साड्यांवर हिरवी झाक आली. मास्तरांनी मला भर दुकानात झापलं, "डोळे हायत का बटनं? गुलाबी साडी आजारी दिसायलीय!" खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

"पडदा खोटं बोलतो, कापड न्हाई," हे त्यांचं पालुपद. साडी दारातल्या उजेडात न्यायची, परत स्क्रीनपाशी आणायची, असे दहा हेलपाटे ते मलाही घालायला लावत. मी मनातल्या मनात शिव्या घालायची.

मग ती वांगी रंगाची साडी आली. मी रंग जुळवला. मास्तर म्हणाले, निळा जास्त झालाय, आणि स्वतः कमी केला. मला स्क्रीनवर साडी चक्क मरून रंगाची दिसत होती. तसं म्हटलं तर म्हणाले, "चाळीस वर्षं काय गोट्या खेळलो का मी?" पाथरीच्या एका बाईंनी ती मरून समजून मुलीच्या साखरपुड्यासाठी मागवली. हातात वांगी पडली. साडी परत आली, तेव्हा मास्तरांनी दुकानदाराला सांगितलं, "ह्या पोरीनं घोळ घातला." मला काढून टाकलं. हिला रंग कळत नाहीत, हे चार दिवसांत गावभर झालं आणि वर्षभर मला कुणी दारात उभं केलं नाही. मी त्यांना मनापासून शाप दिले.

एका दुपारी मास्तर काळा चष्मा लावून आमच्या दारात आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

"पट्टी निघाली तसा तो फोटो उघडला. मरूनच हाय गं. मोतीबिंदूपायी कापडातला निळा मला दिसतच नव्हता, म्हणून पडद्यावरचा जास्त वाटला."

"मला सांगून काय उपयोग? त्या साडीच्या दुकानात सांगा."

ते तसेच निघाले. मी मागोमाग गेले, ऐकायलाच. भरल्या दुकानात मास्तर म्हणाले, "रंग हिचा बरोबर होता. चूक माझी. अन् खोटंबी मीच बोललो."

आठवड्यात मला काम मिळालं. तीन महिन्यांनी मास्तर गेले. लोक त्यांचं कौतुक करू लागले. मला नाही जमलं. माझं नाव त्यांनीच घालवलं होतं. पण ताज्या ऑपरेशनचे डोळे घेऊन म्हातारा माणूस भर उन्हात दारात आला आणि मी त्याला "बसा" म्हणाले नाही, हे मात्र मला खातं.