पांगुळगाड्याचं लाकूड

कापलेलं लाकूड हातात आलं की मिस्त्री ते आधी गालाला लावायचे. डोळे मिटून, पलीकडून फोनवर कोणी बोलतंय ते ऐकत असल्यासारखे. मग निकाल यायचा, "अजून ओलं हाय." सावेडीतल्या त्यांच्या खरादाच्या, म्हणजे लाकूड कातायच्या दुकानात तुम्ही कधी गेला असाल, तर हे तुम्हीही पाहिलं असेल.

आमच्या सोसायटीतला शिसव विजेच्या तारांना लागतो म्हणून तोडला. तो माझ्या बायकोने लावला होता, आणि ती जाऊन चार वर्षं झाली होती. नात तेव्हा महिन्याची. मी अर्धा ओंडका टेम्पोत घालून मिस्त्रींकडे नेला. म्हटलं, पाळणा करा.

"पाळना शेजाऱ्याचा आना, सर. ह्याचा पांगुळगाडा करू. वरीसभरात लाकूड वाळंल, तवर पोरगी उभी ऱ्हाईल. दोगं संगंच तयार व्हतील."

त्यांनी ओंडक्याचे तुकडे केले, मधला गाभा काढून टाकला. चर्चमध्ये उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे ते जमवून ठेवत. ते पातेल्यात वितळवून प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं त्यात बुडवली. टोकांतून पाणी घाईने निघालं की लाकूड तडकतं, एवढंच शास्त्र.

"नाताळच्या मेनबत्त्या हायत. आशीर्वाद फुकट."

दुसरा अर्धा ओंडका सोसायटीच्या अध्यक्षांकडे होता. वर्धापनदिनाच्या पाहुण्यांसाठी त्यांना स्मृतिचिन्ह हवं होतं, तेही आठ दिवसांत. मिस्त्रींनी नकार दिला, म्हणून काम दुसरीकडे गेलं. समारंभात चार भाषणं झाली. आमची एकजूट अभंग आहे, असं अध्यक्ष सांगत असतानाच टेबलावर 'टक्' झालं. स्मृतिचिन्हाला वरपासून खालपर्यंत तडा. पाहुण्यांनी ती नक्षी समजून कौतुक केलं.

मी पोटभर हसलो. घरी येताना मात्र घाबरलो. माझे तुकडेही त्याच झाडाचे होते, आणि बायकोच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

मग दर आठवड्याला दुकानात चक्कर. मिस्त्रींची पाठ वळली की मी नखाने मेण खरवडून आत डोकावायचो. एकदा पकडला गेलो.

"खपली काढताय व्हय? पोरांना शिकीवलं कसं तुमी?" त्यांनी पातेलं पुन्हा स्टोव्हवर ठेवलं. "आता हात लावला, तर तुमाला बी बुडवीन."

अकरा महिन्यांनी त्यांनी टोकं कापली. तुकडा गालाला लावला.

"वाळलं."

"आणि तडा?"

"तुमच्या जिवाला गेल्ता, सर. लाकडाला न्हाई."

मी तिथल्या भुशावरच बसलो. इतकं हलकं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

तीन चाकं आणि दांडा, सगळं त्यांनीच कातलं. नंतर महिन्याभरातच ते झोपेत गेले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

परवा नात पांगुळगाडा ढकलत निघाली आणि थेट उंबऱ्यावर आपटली. 'टक्!' लेक पोरीकडे धावली, मी चाकाकडे. लेकीने माझ्याकडे जे पाहिलं, ते लिहीत नाही.

चाक फिरवून पाहिलं, गालाला लावलं. कोरडं, अखंड. नात रडता रडता थांबली, माझ्याकडे बघत राहिली. मग खाली वाकली, दुसऱ्या चाकाला गाल लावला आणि डोळे मिटले.