फणसाचा चीक

फणस फांदीच्या टोकाला धरत नाही. खोडावर आणि जाड फांद्यांवर येणाऱ्या आखूड फुटव्यांना धरतो. विज्ञानाच्या तासाला हे वाक्य मी अनेक वर्षे फळ्यावर लिहिले. नव्वदच्या दशकात गिरणारे रस्त्यालगतच्या माझ्या जमिनीच्या तुकड्यात मी विक्रीसाठी बारा फणस बियांपासून वाढवले. सात वर्षे शाळा सुटल्यावर त्यांना पाणी घातले. आठव्या हिवाळ्यात बाराही खोडांवर फुटवे आले. नाशिकच्या बाजारातल्या व्यापाऱ्याने ते पाहून फळे घेण्याचे कबूल केले.

बांधापलीकडे थोरल्या चुलतभावाची द्राक्षबाग होती. माझ्या झाडांची सावली आपल्या शेवटच्या ओळीवर पडते, ही त्याची जुनी तक्रार. डिसेंबरात मी शाळेच्या सहलीबरोबर दोन दिवस गेलो. परतलो तेव्हा बाराही खोडे गुळगुळीत होती. फुटवे बुंध्याशी वाळत पडले होते.

“लय गचपण झालं होतं, मास्तर. साफ करून टाकलं,” कात्री पुसत तो म्हणाला. “द्राक्षाला आम्ही असंच करतो.”

“दादा, फळ त्यालाच येतं.”

“मला काय ठावं? तुम्ही कधी शिकवलंच नाय!” तो बायकोकडे पाहून हसला.

त्या वर्षी एकही फणस आला नाही. मी भांडलो नाही. त्याचे वाक्य मात्र जपून ठेवले.

पुढच्या हिवाळ्यात फुटवे परत आले, तेव्हा मी सहलीला गेलो नाही. एप्रिलात झाडे कोवळ्या फळांनी लगडली. फणस नेणाऱ्या प्रत्येकाला मी बजावत असे: आधी हाताला आणि सुरीला गोडेतेल चोळा, चीक पाण्याने निघत नाही, साबणाने तर नाहीच.

द्राक्षांच्या खरड छाटणीच्या आदल्या दिवशी दादा आला.

“भाजीला एखादा द्या की, मास्तर. पाव्हणे आलेत.”

“पाच घ्या. तुमच्याच कात्रीनं तोडा. तिला या झाडांची सवय आहे.”

तो ओशाळला, पण त्याने तोडले. प्रत्येक देठातून पांढरा चीक त्याच्या बोटांवर आणि कात्रीच्या सांध्यात ओघळला. मी शांतपणे पाहत राहिलो.

सकाळी छाटणीचे मजूर दादाची वाट पाहत बांधावर बसून होते. दादा माझ्या दारात उभा. बोटे एकमेकांना चिकटलेली, कात्री चिकाने घट्ट मिटलेली.

“हे निघतं कसं, मास्तर?”

तेलाची बाटली माझ्या पाठीमागच्या फळीवर होती.

“साबणानं धुऊन पाहा,” मी म्हणालो. “चांगलं घासून.”

तो हौदावर घासू लागला. मी अंगणात खुर्ची टाकून पाहत बसलो.