चोवीस महिन्यांचा डबा

चर्चच्या वेदीवरच्या लांब पांढऱ्या कापडाची अर्धी इस्त्री झाली होती आणि अर्धं कापड अजून टोपलीत ओलसर पडलं होतं, तेवढ्यात अंगणात रॉईसची गाडी येऊन थांबली. आर्डिसनं खिडकीतून पाहिलं आणि इस्त्री उभी करून ठेवली. प्रभुभोजनाच्या कापडाला घडी घालत नाहीत. इस्त्री झाली की ते पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळायचं. म्हणजे वेदीवर पसरलं की त्यावर एक रेघ दिसता कामा नये. ऑक्टोबरची पाळी आर्डिसची असायची. गेली एकवीस वर्षं तिनं एकही रेघ पडू दिली नव्हती, आणि आज नेमका मध्येच माणूस आला.

रॉईस परका नव्हता. डोंगरापलीकडच्या गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, त्याच दुकानात तो टीव्हीच्या डिश विकायचा, आणि रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायचा. अमेरिकेतल्या व्हिस्कॉन्सिन राज्याच्या त्या भागात दोन टेकड्यांच्या बेचक्यात घर असलं की साध्या अँटेनाला नुसती खरखर मिळते. म्हणून घरोघरी डिश त्यानंच बसवलेली.

"काकू, केकचा वास येतोय," दारातच तो म्हणाला.

"भोपळ्याचा आहे. पाय पूस आधी. आणि ते काय काखेत?"

"हेच ते. जोलीननं सांगितलेलं." त्यानं काळा डबा टेबलावर ठेवला, बाजूला कागद. "रेकॉर्डर. चित्र इतकं लख्ख, की मैदानावरचं गवत मोजून घ्या. तुम्ही घरात असा, गोठ्यात असा, सामना हा आपला धरून ठेवतो. काका दूध काढून आले, हात धुतले, बटण दाबलं, की पहिल्यापासून सुरू."

जोलीन म्हणजे लेक. बापाच्या एकाहत्तराव्या वाढदिवसाला काय द्यावं याचा तिनं महिनाभर विचार केला होता. बापाला लागतं काय? नवा कोट दिला तर तो पेटीत जातो. पण एक गोष्ट तिला लहानपणापासून ठाऊक होती: रविवारी तीनला सुरू होणारा अमेरिकन फुटबॉलचा सामना बापानं उभ्या जन्मात पुरता पाहिलेला नाही. दुपारी बाराचा असला तर ठीक. तीनचा असला की साडेचारला खुर्चीतून उठायचं, बूट चढवायचे आणि गोठ्याकडे चालू लागायचं. गायींना सामना कळत नाही. गोठ्यात रेडिओ होता, पण दूध ओढायच्या यंत्राच्या धडधडीत त्यावर माणूस बोलतोय का मांजर, तेही कळायचं नाही.

मग उरलेला सामना आर्डिस बघायची आणि जेवताना सांगायची.

लग्न झालं तेव्हा तिला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या वर्षी तिनं सांगितलं होतं, "एक जाडा मुलगा दुसऱ्या जाड्या मुलावर पडला, आणि सगळे रागावले." तिचा नवरा व्हर्लिन इतका हसला होता, की बटाटा घशात अडकला. पण ती शिकली. रोजची वही तिच्याकडे होतीच. हवा, अंडी, कोण आलं-गेलं, उपासनेत कुठला उतारा वाचला, असं सगळं ती त्यात लिहायची. त्याच वहीत मागच्या पानांपासून उलटे सामने सुरू झाले. 'बारा नंबर पळाला, पडला, उठला, देवाची कृपा.' 'पंच आंधळा. (हे मनात ठेवणे.)' आता अडतीस वर्षं झाली. घरात एक नियमही होता: ताटातले बटाटे संपेपर्यंत शेवट सांगायचा नाही. खोऱ्यातल्या सगळ्यांना हे माहीत. त्या संध्याकाळी सातच्या आत त्यांच्याकडे कोणी फोन करायचं नाही. एकदा दूध न्यायला आलेल्या ट्रकवाल्यानं आनंदाच्या भरात अंगणात भोंगा वाजवला. टीम जिंकली हे व्हर्लिनला गोठ्यातच कळलं, आणि पुढचे आठ दिवस तो त्या माणसाशी बोलला नाही.

"आता तुमची नोकरी गेली म्हणायची, काकू," केकचा तुकडा उचलत रॉईस म्हणाला. "पेन्शन मागून घ्या काकांकडे."

"पेन्शन देणारा माणूस बघून लग्न करायला हवं होतं," आर्डिस म्हणाली. हसली, पण ते हसू ओठांच्या आत काही गेलं नाही.

डबा नकोच, असं तिला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, आणि का वाटतं तेही तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मन खात होतं. आयुष्यभर पोरांना रविवारच्या शाळेत शिकवलं, की दुसऱ्याच्या सुखाच्या आड आपला मान येऊ देऊ नका. आणि इथं आपण काय करतोय? नवऱ्यानं त्याचा सामना आपल्या डोळ्यांनी बघितला, तर आपल्याला विचारणारं कोणी उरणार नाही, म्हणून मूग गिळून बसलोय. सकाळी इस्त्री फिरवता फिरवता तिनं प्रार्थना केली होती, की प्रभू, ही माझी हौस आहे, हिला प्रेम म्हणू देऊ नकोस.

"दे पेन," ती म्हणाली. "सही मीच करते. डिश माझ्याच नावावर आहे."

"जरा वाचून घ्या. डबा तुमचा होत नाही बरं का, कंपनीचाच राहतो. भाड्यानं. मोडला तर ते बदलून देतात, मुदत संपली की परत द्यायचा. आणि मुदत दोन वर्षं. मध्ये सोडता येत नाही, सोडला तर दंड."

तेवढ्यात मागचं दार वाजलं. दहाच्या कॉफीला व्हर्लिन आला होता. दाराच्या दोन पायऱ्या तो हल्ली एकेक करून चढायचा, आधी चांगला पाय, मग दुसरा. आर्डिस त्या पायऱ्या कानांनी मोजायची, बघायची मात्र नाही. चौतीस गायी, दिवसातून दोनदा, प्रत्येकीपाशी खाली वाकायचं आणि वर उठायचं. गुडघ्याचं काय होणार ते डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलं होतं. यंदाच्या हिवाळ्यात बर्फावर हा घसरला तर, या विचारानं ती सकाळी सकाळी गोठ्याचा दिवा लागेपर्यंत खिडकी सोडायची नाही. पण गायी कधी विकतोस, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. व्हर्लिनच्या भावाला त्याच्या बायकोनं टोकून टोकून गायी विकायला लावल्या होत्या, आणि पुढं तो माणूस सहा वर्षं रिकाम्या गोठ्याकडे तोंड करून बसला. ते बघून आर्डिसनं ठरवलं होतं, आपण तो प्रश्न तोंडातून काढायचा नाही.

"डबा आला वाटतं," हात पुसत व्हर्लिन म्हणाला. "रॉईस, माझ्या वाटणीचा केक ठेवलायस का?"

"कडेचा ठेवलाय, काका. मऊ माझ्या पोटात गेला."

"चर्चमध्ये थाळी फिरवताना पण असंच करतोस की काय?"

तो बसला, पाय सरळ लांब केला आणि कागद हातात घेतला. चष्मा कपाळावरून खाली आला. त्याचं वाचणं सावकाश, ओठ हलवत. एका ओळीवर बोट थांबलं.

"चोवीस महिने."

"हो काका. सगळ्यांना तेवढीच मुदत."

"ह्यात दोन हिवाळे येतात."

"येतात की."

व्हर्लिननं खिडकीबाहेर पाहिलं. गोठ्याच्या सावलीत बर्नीस नावाची म्हातारी गाय कुंपणाला मान घासत उभी होती. इस्त्रीनं मध्येच वाफेचा एक सुस्कारा सोडला. आर्डिसनं कॉफी ओतायला घेतली होती, ती ओतायची थांबली.

"मला नीट सांग," तो रॉईसला म्हणाला. "सामना दूध काढायच्या वेळी येतो, म्हणून हा डबा. बरोबर?"

"बरोबर."

"आणि दूध काढायचंच नसलं तर?"

"मग डबा कशाला? खुर्चीत बसून बघा की राजासारखे."

"मग नको मला हा." त्यानं कागद अलगद उलटा करून टेबलावर ठेवला. "दोन हिवाळे मी आता वाकणार नाही. हा एक वाकेन. मे महिन्यात गवत आलं, की गायी जातील."

रॉईसनं एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि आपल्यासमोर मोठं काहीतरी ठरून गेलं हे ओळखून टोपी हातात घेतली.

"जोलीनला काय सांगू?"

"सांग, बापाला मे महिन्यापर्यंत तुझी आई पुरते."

"आणि ती विचारेल, तिच्या भेटीचं काय?"

"म्हणावं, मे महिन्यात चार दिवस रजा काढून ये. गायी गाडीत चढवायला माणूस लागेल. तीच भेट."

रॉईस डबा काखेत मारून निघाला. जाताना कडेच्या केकचा तुकडाही त्यानं उचललाच.

गाडीचा आवाज वळणापलीकडे गेल्यावर आर्डिसनं व्हर्लिनच्या कपात कॉफी ओतली. कप काठोकाठ भरला, बशीत दोन थेंब सांडले.

"कधी ठरवलंस?"

"आत्ता. म्हणजे मनात वर्षभर होतंच." त्यानं बशीतले थेंब बोटानं पुसले. "पण किती दिवस, असं कोणी विचारलंच नाही मला. ह्या कागदानं विचारलं."

"मी विचारलं असतं तर तुला वाटलं असतं, मी ढकलतेय."

"आणि मी बोललो असतो तर तुला वाटलं असतं, मी खचलो."

"तसं वाटलं नसतं."

"थोडं वाटलं असतं."

"थोडं," तिनं कबूल केलं.

त्यानं गुडघा चोळला. ती त्याच्या समोर बसली. कपाटावर तिची वही होती. तिची मागची पानं जवळजवळ भरत आली होती, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"मग सप्टेंबरात पुढचा हंगाम सुरू झाला, की तू स्वतःच बघशील सगळं," ती म्हणाली. बोलणं साधं ठेवायचा तिनं प्रयत्न केला.

व्हर्लिन हसला. "मी? मी खुर्चीत अर्धा तास बसलो की काय होतं? पास्टरच्या प्रवचनात काय होतं?"

"घोरतोस."

"मग? पहिला अर्धा तास मी बघेन. पुढचं तू सांग. आणि शेवट बटाट्यांनंतर."

"प्रवचनाचा शेवटसुद्धा मीच सांगते तुला."

"त्यात कोणी जिंकत नाही गं, म्हणून नीट लक्षात राहत नाही."

"व्हर्लिन!"

"गेलो, गेलो." तो उठला, आधी चांगला पाय, मग दुसरा. या वेळी आर्डिसनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. दाराशी तो थांबला. "उद्याचा सामना तीनचा आहे ना?"

"तीनचाच."

"पेन्सिलला टोक करून ठेव."

ती परत इस्त्रीपाशी आली. अर्धं कापड सुकत चाललं होतं. तिनं बोटांनी पाणी शिंपडलं, कडेपासून मधे, मधून कडेकडे इस्त्री नेली, आणि मे महिन्याबद्दल देवाचे आभार मानले. आभार मानताना बर्नीसची आठवण झाली आणि डोळे भरून आले. तेही तिनं देवापासून लपवलं नाही. कापड पूर्ण झालं, तेव्हा उजेडाकडे धरून पाहिलं. रेघ नव्हती. मग वही काढून आजच्या तारखेखाली लिहिलं: 'थंडी, ऊन. अंडी एकोणीस. रॉईस येऊन गेला, डबा घेतला नाही. व्हर्लिननं गायींचं ठरवलं.' थोडं थांबून पुढं लिहिलं: 'मी विचारायला हवं होतं.'

तिनं कापड नळीवर गुंडाळलं, वर स्वच्छ चादर लपेटली आणि गाडीची किल्ली घेतली. बाराच्या आत चर्चमध्ये जाऊन उद्यासाठी वेदीवर कापड घालून यायचं होतं.