वार की मुंगी?

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज माझ्याकडे आली, बरं झालं. हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सकाळी आखाड्यात माझी आणि शेवंताची लाकडी गदक्याची लढत होती. जिंकेल ती दसऱ्याला सावली गावच्या सामन्यांत खेळणार. अंगात बांबूच्या कामट्यांचं जाड चिलखत असतं, वार बसला की नाही ते बाहेरून कळत नाही. म्हणून जिला बसेल तिनंच 'लागला' म्हणायचं, हा नियम.

पाठीत चुरचुरलं आणि मी ओरडले, "लागला!"

"काऊन वं?" शेवंता म्हणाली. "मी तं गदका उचललाच नाई!"

चिलखतातून लाल मुंगी निघाली. आमचे वस्ताद गणपतभाऊ हसत म्हणाले, "मंग मुंगीलेच नेऊ का सावलीले?"

डाव पुन्हा मांडला. मध्येच खांद्यावर काहीतरी झोंबलं. मुंगीच असेल, म्हणून मी गप्प राहिले आणि जिंकले.

घरी येऊन चिलखत झाडलं. एकही मुंगी पडली नाही. खांद्यावर मात्र गदक्याच्या जाडीचा निळा वळ आहे.

बाबांनी पाटीवर पहिलं वाक्य गिरवून घेतलं होतं, 'खरे बोलावे'. उद्या उजाडताच शेवंताकडे जाते. ती हसेल की गदका उचलेल? कोणी सोबत येता का?